जुना संगणक घेताना, देताना



१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नियमित, मोफत सुरक्षा-अद्ययावतीकरण थांबले. विंडोज ११ न पेलणारे, पण चांगले चालते संगणक घ्यावेत का, असे गट विचारतात. जरूर घ्या, असे मी म्हणते. लिनक्स फुकट मिळते, त्यात मराठीही लिहिता येते. मात्र आधीच्या मालकाची प्रणाली तशीच वापरू नका. टाइप केलेले प्रत्येक अक्षर टिपणारा प्रोग्राम आत असू शकतो. सगळे पुसून नव्याने घाला. बॅटरी फुगलेली असेल तर घेऊच नका.

मला खरी धास्ती वाटते ती संगणक देऊन टाकताना. आपल्या केंद्रांत कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालचे (२००५) अर्ज, जबाब, आसऱ्याचे पत्ते असतात. ‘डिलीट’ने बहुधा फक्त नोंद जाते, मजकूर डिस्कवर उरतो, साध्या प्रोग्रामने परत काढता येतो. नवऱ्यापासून लपलेल्या बाईचा पत्ता आपणच भंगारवाल्याच्या हाती द्यायचा? डिस्क पूर्ण पुसा. एसएसडी असेल तर तिच्या कंपनीने दिलेल्या सोयीने. बंद पडलेली डिस्क काढून फोडा. शाळेला संगणक भेट देतानाही (पुण्यकर्माच्या घाईत हेच राहते) आधी डिस्क काढा. ती कोणी काढली, कुठे ठेवली, हे रजिस्टरात सहीनिशी लिहा.