घर आणि कायदा : मासा घरी आणण्यापूर्वी

चंदीगडच्या वेशीवर वसलेले झिरकपूर हे पंजाबातील शहर गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढले आहे. नोकरीधंद्यानिमित्त निरनिराळ्या राज्यांतून आलेली कुटुंबे तेथील उंच इमारतींत राहतात. अशा घरांत कुत्रे पाळणे अवघड. म्हणून मुलांच्या हौसेखातर रंगीत माशांची काचपेटी आणली जाते. मासा भुंकत नाही, शेजाऱ्यांस उपद्रव देत नाही. मग त्याच्यासाठी कायदा कशाला, असे कोणासही वाटेल. तथापि काही माशांच्या बाबतीत कायदा आहे, आणि तो ठाऊक नसल्यास मासा व पैसा दोन्ही गमावण्याचा प्रसंग येऊ शकतो.

प्रथम एक दिलासा. गोल्डफिश, गप्पी, मॉली, एंजल हे नेहमीचे मासे पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांतच वाढविले जातात. ते पाळण्यासाठी वन्यजीव कायद्याखाली नोंदणी करावी लागत नाही. प्रश्न येतो तो दुर्मिळ माशांचा.

त्यांत सर्वांत प्रसिद्ध आहे आशियाई अरोवाना. मोठ्या, चकाकत्या खवल्यांमुळे त्यास ड्रॅगन मासा म्हणतात, आणि तो घरात असला की लक्ष्मी नांदते अशी पुष्कळांची समजूत आहे. आग्नेय आशियातील नद्यांत राहणाऱ्या या माशाचा नर अंडी व पिले तोंडात धरून सांभाळतो. हे वात्सल्यच त्याच्या मुळावर आले. कारण एक नर पकडला की पुढची पिढीही पकडणाऱ्याच्या हाती लागते. वन्य जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा ‘साइट्स’ हा आंतरराष्ट्रीय करार 1975 साली अमलात आला व 1976 साली भारत त्यात सामील झाला. या कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आशियाई अरोवानाचे नाव आहे. नोंदलेल्या मत्स्यशेतीत वाढविलेले मासेच प्रमाणपत्रासह परदेशी विकता येतात, आणि अशा माशाच्या शरीरात ओळखीची सूक्ष्म चकती बसविलेली असते.

आपल्या 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली व ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. तिच्यामुळे साइट्स करारातील जातींना चौथ्या अनुसूचीत स्थान मिळाले. या अनुसूचीतील जिवंत प्राणी ज्याच्या घरी आहे, त्याने त्याची नोंद करणे आता बंधनकारक आहे. फेब्रुवारी 2024 मधील नियमांनी आधीपासून बाळगलेल्या प्राण्यांसाठी सहा महिन्यांची मुदत दिली होती. ती संपली आहे. आता असा प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांच्या आत ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावरून अर्ज करावा लागतो. प्राणी दुसऱ्यास दिला, तरी ते कळवावे लागते. कायद्याच्या भंगास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या बाबतीत शिक्षा याहून कडक आहे.

झिरकपूरच्या वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यांचे घर पंजाबात, बाजार चंदीगडात, तर पंचकुला हरियाणात. तिन्ही ठिकाणचे मुख्य वन्यजीव संरक्षक निराळे. कायदा मात्र एकच. मासा हद्दीपलीकडून आणला म्हणून नोंदणी चुकत नाही.

दुकानात सांगितलेल्या नावावरही विसंबू नये. बाजारात ‘अरोवाना’ म्हणून बहुधा जो विकला जातो, तो दक्षिण अमेरिकेतील रुपेरी अरोवाना. तो साइट्सच्या यादीत नाही. उलट, त्याच खंडातील अरापैमा दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्याचे पिलू वीतभर असताना गोजिरे दिसते. पण तो पुढे दोन मीटरांहूनही लांब होतो, हे विकत घेताना किती जणांना ठाऊक असते?

परदेशी माशांविषयी हे झाले. आपल्या समुद्रातील समुद्रघोडा 2001 सालापासून वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली आहे. त्यास पकडणे गुन्हा आहे. केरळ व दक्षिण कर्नाटकातील नद्यांत लाल पट्ट्याचा एक सुंदर मासा आढळतो. 2013 साली भारतीय संशोधकांनी त्याच्या प्रजातीस आपल्या सह्याद्रीवरून ‘सह्याद्रिया’ हे नाव दिले. काचपेट्यांसाठी नद्यांतून बेसुमार पकडला गेल्याने तो आज संकटग्रस्त ठरला आहे.

म्हणून मासा घेताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत: याचे शास्त्रीय नाव काय? हा टाकीत वाढविलेला आहे की नदीसमुद्रातून पकडलेला? आणि खरेदीची पावती व असल्यास प्रमाणपत्र मिळेल काय? दुकानदार उत्तर टाळू लागल्यास आपण खरेदी टाळावी.

घरात असा मासा आधीच असेल, तर घाबरून तो घग्गर नदीत किंवा सुखना तलावात सोडू नये. श्रीनगरच्या दल सरोवरात 2023 साली अमेरिकेतील अॅलिगेटर गार हा हिंस्र मासा सापडला. परका मासा स्थानिक माशांच्या जिवावर उठू शकतो. त्यापेक्षा वन्यजीव कार्यालयात जाऊन खरी हकीकत सांगावी व त्यांचा सल्ला घ्यावा. आणि मुलांनी दुर्मिळ माशाचा हट्ट धरलाच, तर तो मासा आपल्या नदीतच का हवा, हे त्यांस समजावून सांगावे. नीट सांगितलेली गोष्ट मुलांना पटते, असाच पुष्कळ आईबापांचा अनुभव आहे.