गाळलेला शब्द

गेल्या १६ डिसेंबरला शाळेत मला १९७१ च्या युद्धावर बोलायला उभे केले. मॅट्रिक झालेला मास्तर, त्यातून कादंबऱ्या लिहिणारा. तेव्हा रंगवून सांगेल, अशी सर्वांची खात्री. मी नौदलाच्या कमांडर मोहन नारायण सामंतांची हकीकत घेतली. ती त्यांच्याच आठवणींतली. संदीप उन्नीथन यांच्यासह त्यांनी लिहिलेले ‘ऑपरेशन एक्स’ हे इंग्रजी पुस्तक २०१९ साली निघाले. त्याच साली सामंत गेले.

प्लासीजवळ भागीरथीत तयार झालेल्या बंगाली पोरांनी ऑगस्टात छातीला सुरुंग बांधून, पोहत जाऊन चितगाव नि मोंगला बंदरांत जहाजे बुडवली, इथवर टाळ्याच टाळ्या. मग १० डिसेंबर आला. ‘पद्मा’ नि ‘पलाश’ ह्या मूळच्या कलकत्ता बंदराच्या बोटी, तोफा बसवून मुक्तिवाहिनीसाठी सज्ज केलेल्या. सोबत भारतीय नौदलाची ‘पनवेल’. मोंगल्यावर छापा घालून तिघी नदीतून खुलन्यापाशी पोहोचल्या. तोच वर नॅट विमाने आली. ओळख पटावी म्हणून बोटींवर पिवळी खूण होती. तरी ‘पद्मा’ पेटली, ‘पलाश’ पेटली. विमाने आपल्याच हवाई दलाची होती!

समारंभ संपल्यावर अध्यक्षस्थानचे गृहस्थ मला बाजूस घेऊन म्हणाले, “मास्तर, तो ‘आपल्याच’ शब्द गाळला असता तर काय बिघडले असते?”

काय बिघडले असते? अहो, सारेच! सामंतांच्या महावीरचक्राच्या मानपत्रातदेखील बोटींवर जोराचा हवाई हल्ला झाला एवढेच आहे. कोणाचा, ते नाही. युद्धकाळातल्या सरकारी कागदाचे एक वेळ समजू शकते. पण मास्तरानेही तेच करायचे? तो शब्द काढा, की त्या नदीतली माणसे दिसेनाशी होतात. काठावरून शत्रूच्या गोळ्या, वरून घरचीच विमाने, आणि मध्ये पाण्यात गटांगळ्या खाणारे जखमी. हा घाव कोणाचा, हे ठाऊक असताना सामंतांनी मोडकी बोट, मूठभर खलाशी घेऊन त्यांना वर काढले. चिमनसिंग नावाच्या खलाशाने स्वतः घायाळ असून बुडत्या अधिकाऱ्याला काठावर नेले, शत्रूवर धाव घेऊन दोघा सोबत्यांना निसटू दिले आणि स्वतः कैद झाला. ‘पलाश’चा रुहुल अमीन बोट सोडण्याचा हुकूम होऊनही इंजिनघर सोडीना, शेवटी काठावर रझाकारांनी त्याला मारले. बांगलादेशाने त्याला ‘बीरश्रेष्ठ’ केले. आमच्या पोरांना त्याचे नावही ठाऊक नाही, कारण तो ‘आपला’ नव्हे!

“असे ऐकून पोरे पलटणीत जातील का?” हाही प्रश्न झाला. म्हणजे फसवून न्यायची आहेत काय? नववीतला एक पोरगा मात्र दारापर्यंत मागे आला. म्हणाला, “सर, नंतर ते त्या वैमानिकांना भेटले असतील का हो?” टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकालाही हे सुचले नव्हते.

यंदाच्या १६ डिसेंबरला दुसऱ्या मास्तरांना बोलायला सांगितल्याचे कळते. फराळाच्या डब्याबरोबर हा अंक त्यांच्याकडे पाठवीत आहे.