दिवाळं आणि वकील

"अबे, तू पुन्यात राह्यतं, एखांदा मोठा वकील पाय ना मायासाठी."

बाळापूरहून दादाचा फोन. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. त्याचं कृषी केंद्र आहे. दोन हंगामांची उधारी गावात अडकली, कंपन्यांना दिलेले चेक परत गेले, वर पतसंस्थेचं कर्ज. कोर्टाच्या आवारात कुणीतरी सांगितलं की नादारीचा अर्ज टाक, सबन माफ होते.

आता मी सॉफ्टवेअरवाला. प्रश्न आला की सर्च मारायचा, एवढंच येतं. पण आपल्याकडे वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे. त्यामुळे जे नेटवर सगळ्यात वर दिसतात ते चांगलेच असतील असं काही नाही. शिवाय निघाले ते सगळे २०१६ च्या दिवाळखोरी संहितेवाले, कंपन्यांची प्रकरणं बघणारे. त्या संहितेतला व्यक्तींचा भाग २०१९ मध्ये लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी. दादासारख्या दुकानदाराला आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच पाहावा लागतो, आणि अर्ज जातो जिल्हा न्यायालयात, म्हणजे अकोल्याला. पुण्यातला मोठा वकील घेऊन करता काय? दर तारखेला त्याचं भाडं भरायचं?

तर मंडळी, माझं मत असं: मोठा वकील शोधूच नका. अकोल्यात दिवाणी कामं करणारा, वसुलीचे दावे रोज बघणारा वकील शोधा आणि पहिल्या भेटीत तो काय विचारतो तिकडे कान द्या.

दादा आधी ज्यांच्याकडे गेला ते म्हणाले, "वावर वहिनीच्या नावावर करून टाक, मग बघू." फी पण लगेच मागितली. हा सल्ला ऐकला की चप्पल घालावी आणि निघावं. कारण मोबदल्याशिवाय केलेलं असं हस्तांतरण दोन वर्षांच्या आत अर्ज झाला तर कोर्ट रद्द करू शकतं, आणि तुमचा प्रामाणिकपणाही संशयात येतो. तोच पुढे कर्जमुक्ती मिळताना लागतो!

दुसऱ्या वकीलसाहेबांनी तासभर नुसतं विचारलं. कोणाचं किती देणं, गहाण काय, जामीनदार कोण, चेक किती दिले, गेल्या दोन वर्षांत कोणाला काय विकलं. मग धीर जाईल असंच बोलले. नादार ठरल्यावर कोर्टाच्या परवानगीशिवाय साधा सावकार नवा दावा लावू शकत नाही, पण गहाणवाला आपलं गहाण वसूल करतोच. चेकच्या फौजदारी केसेस आपोआप थांबत नाहीत. आणि तुम्ही सुटलात तरी जामीनदार सुटत नाही.

इथे दादा गप्प झाला. पतसंस्थेच्या कर्जाला त्याचा शाळेपासूनचा मित्र जामीन आहे. "सबन माफ" सांगणाऱ्याने हे सांगितलंच नव्हतं.

चांगली बाजूही त्यांनीच सांगितली. शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं, घरातली भांडी यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जप्तीपासून संरक्षण आहे, आणि ते नादारीतही टिकतं. अधिकृत नसलेल्या सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली ती परत मागता येते, त्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे जायचं. आणि फीचं जमत नसेल तर कोर्टातच विधी सेवा प्राधिकरण आहे; पात्र माणसाला तिथे वकील फुकट मिळतो. हे तिसरं वाक्य जो वकील स्वतःहून बोलतो त्याच्यावर मी डोळे मिटून विश्वास टाकीन. (बरं, अर्धे मिटून.)

असो. शेवटी ते म्हणाले, अर्जाचं नंतर पाहू, आधी सगळ्या देण्यांची यादी करून आणा, नाव-पत्त्यासकट, एकही लपवायचं नाही. कायद्यालाही अर्जात तीच लागते.

दादाने रात्री दुकानाच्याच पावतीबुकाच्या मागे यादी केली. अकरा नावं. वहिनीने ती पहिल्यांदाच पाहिली.