पोफळी ते अंजनवेल

सौर आणि पवन विजेचा वाटा वाढू लागल्यापासून दिवसा मिळणारी जास्तीची वीज साठवून संध्याकाळी वापरण्याची निकड निर्माण झाली असून, त्यासाठी उदंचन जलविद्युत प्रकल्प, म्हणजे स्वस्त विजेच्या वेळी खालच्या जलाशयातील पाणी वरच्या जलाशयात चढवून मागणीच्या वेळी तेच पाणी टर्बाइनवर सोडणारे प्रकल्प, सह्याद्रीत उभारण्याचे बेत आखले जात आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये यासाठी स्वतंत्र धोरण ठरवले, खासगी कंपन्यांशी सामंजस्य करारही केले, आणि त्यानिमित्ताने नवे तंत्र व नवी संपत्ती सरकार निर्माण करते की खासगी भांडवल, हा जुना प्रश्न पुन्हा पुढे आला आहे. या प्रश्नाचे उत्तर केवळ तत्त्वचर्चेतून शोधण्याचे कारण नाही. रत्नागिरी जिल्ह्यात, कोयना प्रकल्पाच्या पोफळी येथील भूमिगत वीजगृहातून निघालेले पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीला मिळून दाभोळच्या खाडीत अंजनवेलपाशी समुद्राला पोहोचते, आणि त्या एका प्रवाहाच्या दोन टोकांना या वादाचे दोन पूर्ण पुरावे उभे आहेत.

घाटमाथ्यावरचे पाणी पश्चिमेकडे सोडून वीज निर्माण करण्याची कल्पना महाराष्ट्रात सरकारची नव्हती, ती टाटांची होती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले, त्यामागून १९२२ मध्ये भिवपुरीचे आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे. मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या वाफेवरून विजेवर आल्या त्या या धाडसामुळे, आणि त्यात देशी संस्थानिकांनी व धनिकांनी घातलेले भांडवल खरोखर धोक्यात होते. तथापि, जमीन मात्र बाजारभावाने, राजीखुशीने मिळालेली नव्हती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या बळावर मुळशी खोऱ्यातील गावे सरकारने कंपनीला मिळवून दिली आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालील मुळशी सत्याग्रहाने ज्या अन्यायाला तोंड फोडले, तो सरकारी दंडशक्तीवाचून घडलाच नसता. ज्याला शुद्ध खासगी उपक्रम म्हणून गौरवले जाते, त्याच्या पायातही राज्यसत्ता होती.

कोयनेची गोष्ट याहून बोलकी आहे, कारण तेथे खासगी उद्योगाने एक पाऊल टाकून माघार घेतली. पहिल्या महायुद्धानंतर कोयना खोऱ्याची पाहणी टाटांनीच केली होती, परंतु विसाच्या दशकाच्या अखेरीच्या आर्थिक संकटात ती योजना बाजूला पडली. यात कंपनीचा दोष काढण्याचे कारण नाही. दहा-पंधरा वर्षे पैसा अडकवून ठेवायचा, डोंगराच्या पोटात काय निघेल याची खात्री नाही, आणि वीज घेणारा ग्राहक अजून जन्मायचा आहे, अशा कामात भागधारकांचा पैसा न घालणे हेच कंपनीच्या दृष्टीने शहाणपण होते. परंतु त्या शहाणपणात एका प्रदेशाचे भवितव्य पाव शतक थांबून राहिले. तत्कालीन मुंबई राज्याने १९५४ मध्ये काम हाती घेतले आणि १९६२ पासून पोफळीची वीज मिळू लागली. पहिल्या व दुसऱ्या टप्प्यांचे हे वीजगृह सुमारे ६०० मेगावॅटचे असून, त्यानंतरचे टप्पे व धरणपायथ्याचे वीजगृह मिळून कोयना प्रकल्पाची क्षमता आज १९०० मेगावॅटहून अधिक आहे. धरणाचे बांधकाम वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने केले, हेही खरे. येथे खासगी कौशल्य होतेच, पण दीर्घ मुदतीची जोखीम सार्वजनिक तिजोरीने उचलली होती.

सरकारी खात्यात नवे काही सुचत नाही, असे म्हणणाऱ्यांनी चौथ्या टप्प्याचे काम अभ्यासावे. कोयना धरणाचा भरलेला शिवसागर जलाशय रिकामा न करता त्याच्या तळातून पाणी काढण्यासाठी अभियंत्यांनी खालून बोगदा खणत नेला, तळाशी खडकाचा थोडा जाड बूच शिल्लक ठेवला आणि १३ मार्च १९९९ रोजी तो सुरुंगाने उडवला. नॉर्वेत रुळलेली ही ‘लेक टॅपिंग’ची पद्धत भारतात तोवर कोणी वापरली नव्हती, पाटबंधारे खात्याने ती आत्मसात केली आणि २०१२ मध्ये पुन्हा यशस्वी केली. १००० मेगावॅटचा हा टप्पा काही मिनिटांत पूर्ण भाराने चालू होतो आणि संध्याकाळच्या कमाल मागणीच्या वेळी राज्याची गरज सांभाळतो.

त्याच १९९९ च्या मे महिन्यात वाशिष्ठीच्या दुसऱ्या टोकाला दाभोळ पॉवर कंपनीचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीच्या पुढाकाराचा हा प्रकल्प १९९२ च्या सामंजस्य करारातून, स्पर्धात्मक निविदा न मागवता आला. महागडी वीज आणि राज्याच्या गरजेशी न जुळणारे आकारमान पाहून १९९३ मध्ये जागतिक बँकेने त्याला अर्थसाहाय्य नाकारले, तरीही वीजखरेदी करार झाला. करारातील तरतुदींनुसार राज्य वीज मंडळाने वीज घेतली नाही तरी क्षमतेचा आकार भरायचा होता, रुपयाच्या घसरणीचा भार मंडळावर होता, आणि देणे थकल्यास राज्य शासनाची हमी व तिच्यामागे केंद्राची प्रतिहमी होती. १९९५ मध्ये रद्द झालेला करार पुढच्याच वर्षी नव्या रूपात परतला. २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले, त्याच वर्षी माधव गोडबोले समितीने या व्यवहारात शासनाच्या कारभाराचे अपयश दाखवून दिले, डिसेंबरात एन्रॉन दिवाळखोर झाली, आणि बंद पडलेला प्रकल्प सावरण्यासाठी २००५ मध्ये एनटीपीसी व गेल या सार्वजनिक कंपन्यांना उतरावे लागले. ज्या व्यवहारात खासगी कंपनीचे काहीच पणाला लागलेले नसते, त्याला उद्यमशीलता म्हणता येणार नाही. अंजनवेलला नफा खासगी आणि धोका सार्वजनिक अशी वाटणी लेखी करून दिली गेली होती, आणि ती करून देणारे हात मंत्रालयातले होते.

म्हणून कोयनेचे श्रेय देताना राज्याच्या उणिवाही झाकता येत नाहीत. एन्रॉनला दार उघडले गेले त्याचे एक कारण वीज मंडळाची गळती, थकबाकी आणि भांडवलाचा तुटवडा हे होते. कोयनेच्या धरणग्रस्तांच्या तिसऱ्या पिढीला पुनर्वसनासाठी आंदोलने करावी लागतात, ही या वैभवाला लागलेली सर्वांत मोठी काळिमा आहे, कारण महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा १९७६ पासून आहे. दुसरीकडे, ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात धरणाला तडे गेले, माणसे दगावली, तेव्हा धरण मजबूत करण्याचे आणि जलाशयामुळे भूकंप कसे होतात याचा दशकानुदशके मागोवा घेण्याचे काम सरकारी संस्थांनीच केले. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि कराडजवळ खोल विंधनविवर घेणारी प्रयोगशाळा ज्या ज्ञानासाठी राबतात, त्यावर कोणत्याही कंपनीला लगेच परतावा मिळणार नाही, परंतु सह्याद्रीत यापुढे बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक जलाशयाला ते लागणार आहे.

उदंचन प्रकल्पांबाबत म्हणूनच शासनाला काही अटी घालता येतात आणि त्या घातल्याच पाहिजेत. जी खोरी, जे जलाशय आणि ज्या नोंदी सार्वजनिक पैशातून तयार झाल्या आहेत, त्यांच्या वापराचे मोल कंपन्यांकडून घ्यावे; भूगर्भाचा, बाजारभावाचा आणि विनिमयदराचा धोका कंपनीनेच सोसावा, कोणतीही हमी शासनाने देऊ नये; कृष्णा पाणी तंटा लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे वळवण्यासाठी ठरवून दिलेली ६७.५ अब्ज घनफुटांची वार्षिक मर्यादा आणि २०२१ चा चिपळूणचा महापूर ध्यानात ठेवून खालच्या गावांना पाणी सोडण्याचे वेळापत्रक आधी कळवावे. दाभोळचा करार झाला तेव्हा महाराष्ट्रात वीज नियामक आयोग नव्हता. आज तो आहे, आणि प्रत्येक मसुदा मराठीतून बाधित गावांच्या ग्रामसभांपुढे ठेवल्यावर व आयोगापुढील जाहीर सुनावणीत तपासल्यावरच त्यावर शासनाची सही व्हावी.