पिकअपला जाड पाइपाचा गार्ड लावताय? आधी हे बघा

मालवण : मासळी नाहीतर चिरे वाहणाऱ्या पिकअपचा पुढचा बंपर गेला की गॅरेजवाला म्हणतो, 'जाड पाइपाचा गार्ड मारून घे, गुरं आडवी आली तरी गाडीला काय होणार नाय.' मीसुद्धा मारला होता. काढला.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय, असे गार्ड म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर बेकायदा बदलासाठी मालकाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

दंड एक वेळ भरू. पण कंपनीचा बंपर चेपतो आणि धक्का खातो. गार्ड थेट चेसिसला बोल्टने आवळलेला, त्यामुळे धक्का चेसिसमधून केबिनपर्यंत येतो. आणि समोर माणूस असला तर पाइप वाकत नाही, त्याचा पाय मोडतो. रात्री गुरं, गवे आडवे येतात हे खरंच आहे, पण त्याला इलाज हेडलाइट आणि वेग.

बंपर बदलायचाच तर आपल्या मॉडेलचा, कंपनीच्या मापाचा घ्या. आधीचे ब्रॅकेट मात्र तपासा. खारं वारं आणि मासळीचं पाणी, दोन्ही आतून गंज धरवतात. ब्रॅकेट कुजलेला असेल तर नवा बंपरही लटकणार. बसवण्याआधी आतल्या बाजूला रंग मारून घ्या, आणि मासळीची खेप झाली की गोड्या पाण्याने धुवा.