चिंचोक्यांचा कॅसिनो

दिवाळीत आमच्याकडे बारामतीला फराळाच्या ताटल्या उचलल्या की पत्ते निघतात. बदाम सात, झब्बू, मेंढीकोट, फार तर रमी. गेल्या दिवाळीत पाडव्याला ताईचा मुलगा आला होता, बायकोला घेऊन. इंदापूर तालुक्यात त्यांचं ऊस आणि डाळिंबाचं रान. पोरगा तिशीचा, कामाला वाघ. तो मित्रांबरोबर गोव्याला जाऊन आला होता, फलटण-सातारा करत कोल्हापूरमार्गे, सगळे एका गाडीत. पत्ते पिसता पिसता म्हणाला, "मावशी, तुमच्या झब्बूत काय मजा? आपल्याकडे पद्धत आहे. कॅसिनोत माणूस हरूच शकत नाही."

पद्धत अशी. चक्रावर लाल रंगावर पाचशे रुपये लावायचे. हरले तर हजार. पुन्हा हरले तर दोन हजार. असं दुप्पट करत जायचं. कधीतरी लाल येणारच, आणि आला की मागचं सगळं भरून निघून वर पाचशे सुटतात.

ऐकायला अगदी बिनतोड. ताई लेकाकडे कौतुकानं बघत होती. मी मात्र तीस वर्षं भिशी चालवते आहे. कुणी 'हरूच शकत नाही' म्हणालं की माझे कान टवकारतात. मी म्हटलं, "चल, खेळून दाखव. चिंचोक्यांवर."

मैत्रिणींनो, जुगार म्हणजे पाप, जुगार म्हणजे घराची राखरांगोळी, हे आपल्याला लहानपणापासून ऐकवलेलं असतं. ते खोटं नाही. पण तिथं नेमकं होतं काय, हे कुणी सांगत नाही. पेपरात आपण 'तीन पानी जुगार अड्ड्यावर छापा' वाचतो आणि पान उलटतो. जत्रेत सोरटाच्या पाटाभोवती गर्दी दिसली की मुलांचा हात धरून पुढं निघतो. मग घरातला माणूस रात्री दोन वाजता मोबाइल उशाखाली सरकवतो तेव्हा आपल्याला विचारायला प्रश्नच सुचत नाही. मला वाटतं, घोटाळा इथंच आहे. पुरुषांना खेळ माहीत असतो, हिशेब नाही. आपल्याला हिशेब येतो, पण खेळच माहीत नसतो.

म्हणून आधी चक्र, म्हणजे रुलेट. त्यावर एक ते छत्तीस आकड्यांची घरं असतात, अठरा लाल आणि अठरा काळी. शिवाय एक हिरवं घर, शून्याचं. एकूण सदतीस. छोटी गोळी फिरते आणि एका घरात जाऊन बसते. तुमच्या आकड्यावर बसली तर एकाला पस्तीस मिळतात आणि तुमचा एक परत, म्हणजे हातात छत्तीस.

आता आपली भिशी आठवा. सदतीस जणींनी एकेक रुपया टाकला, तर जिचा नंबर लागतो तिला सदतीस मिळतात. इथं छत्तीसच मिळतात. म्हणजे ही अशी भिशी झाली की जिच्यात दर वेळी एका बाईचा हप्ता गायब होतो. अड्डेवाला डावामागं पैसे काढतो त्याला 'नाल' म्हणतात. कॅसिनोवाला नाल मागत नाही. त्याची नाल त्या हिरव्या शून्यात शिवलेली असते. काही चक्रांवर दोन शून्यं असतात, तिथं दोघींचे हप्ते जातात.

तुम्ही म्हणाल, शंभराला पावणेतीन रुपयेच ना, बचत गटात आपण महिन्याला शेकडा दोन देतोच की! पण ते महिन्याला. इथं ही कापणी प्रत्येक फिरकीला होते, आणि ती खिशातल्या पैशावर होत नाही, टेबलावरून जितका पैसा फिरेल तितक्यावर होते. खिशात पाच हजारच असू देत. पाचशेचा एक डाव, तासाला असे चाळीस डाव धरा. टेबलावरून वीस हजार फिरले. त्यातले सरासरी पाचशे चाळीस टेबलाचे झाले. एखादा जिंकून उठेलही, दुसरा पार धुऊन निघेल. टेबलाला दोघांशी देणंघेणं नाही, ते रात्रभराची बेरीज करतं.

'अंदर-बाहर' आपल्या मुलांना बरोबर माहीत असतं. एक पत्ता उघडतात, समजा बदाम सत्ती. मग एक पान आत, एक बाहेर असं वाटत जातात. दुसरी सत्ती कुठल्या बाजूला पडते, यावर पैज. यात अक्कल लागत नाही, निव्वळ नशीब, त्यामुळं फसवणूक नाही असं वाटतं. फसवणूक नसतेच, हिशेब असतो. ज्या बाजूला पहिलं पान पडतं ती बाजू शंभरात साधारण साडेएकावन्न वेळा जिंकते. म्हणून कॅसिनोत बहुतेक ठिकाणी त्या बाजूला रुपयाला नव्वदच पैसे देतात. दुसऱ्या बाजूला पूर्ण रुपया देतात, पण ती बाजू मुळात कमी वेळा जिंकते. कुठंही बसा, गळती आहेच.

तीन पत्तीबद्दल फार सांगत नाही. बावन्न पत्त्यांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यात चारातले जवळजवळ तीन हात नुसती फुटकळ पानं असतात, साधी जोडीसुद्धा नसते. सारख्या तीन पानांचा हात ४२५ मधे एकदा. पण सांगणारा नेहमी तेवढीच गोष्ट सांगतो, तीन एक्के आले त्या रात्रीची.

मला सगळ्यात शहाणा वाटला तो ब्लॅकजॅक. राजा, राणी, गुलाम यांचे दहा, एक्क्याचा एक किंवा अकरा, बाकी पानांवर असतील तेवढे गुण. पानं घेत एकवीसच्या जवळ जायचं, पण ओलांडायचं नाही. समोर वाटणारी मुलगी असते. तिला नियम बांधून दिलेला, सतरा होईपर्यंत पान घ्यायचंच आणि मग थांबायचं. दोघांना सारखीच पानं, शिवाय खेळाडूला हवं तिथं थांबायची मुभा. मग टेबल जिंकतं कसं? तर आधी तुम्ही खेळायचं. तुम्ही एकवीस ओलांडलंत की तुमचे पैसे तेव्हाच उचलले जातात. त्यानंतर तीसुद्धा एकवीस ओलांडते कधी कधी, पण तुमचं गेलेलं परत येत नाही. आधी कोण हरलं, एवढ्यावर सगळं आहे. द्यूतसभेत द्रौपदीनं हेच विचारलं होतं, युधिष्ठिर स्वतःला आधी हरला की मला? तिला उत्तर देता आलं नाही कुणाला. आम्हाला शाळेत ते वस्त्रहरण शिकवलं, पण प्रश्नाकडं कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

कायद्याचंही थोडं माहीत असू द्या, कारण 'सगळं कायदेशीर आहे गं' हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. महाराष्ट्रात १९७६ मध्ये कॅसिनोंचा एक कायदा झाला होता. तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये विधिमंडळानं रद्दच केला. म्हणजे आपल्या राज्यात कॅसिनो नाहीत. गोव्यात आहेत, मांडवीतल्या बोटींवर आणि मोठ्या हॉटेलांत. पण त्याच गोव्याच्या सरकारनं फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी केली. स्वतःच्या लेकरांना जे वाढायचं नाही ते पाहुण्याच्या पानात! प्रवेशाच्या पैशात जेवण, दारू आणि थोड्या चकत्या असतात. नोटा देऊन एकदा त्या प्लॅस्टिकच्या चकत्या घेतल्या की आपण पैसे लावतोय हे निम्मं विसरायला होतं.

रमीचं आणखी वेगळं. सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला, आणि तेच वाक्य पुढं मोबाइलवरच्या रमीवाल्यांनी मिरवलं. पण क्लबवाला डावातून नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो, असंही त्याच निकालात आहे. ते कुणी जाहिरातीत छापलं नाही. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्याच्या महिनाभर आधी विधान परिषदेत तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत गाजली होती. मी खेळत नव्हतो, समोर आलेला खेळ बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं. पण जुलैअखेरीला कृषी खातं त्यांच्याकडून गेलं आणि आमच्या इंदापूरच्या दत्तात्रय भरणे यांच्याकडं आलं. आमच्याकडं त्या आठवड्यात पानटपरीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत दुसरा विषय नव्हता. रमीबद्दल मात्र कुणी बोलत नव्हतं, बोलणं सगळं खात्याबद्दल.

असो. तर चिंचोके.

नातीच्या वहीतला कागद फाडून सदतीस चिठ्ठ्या केल्या. अठरांवर लाल स्केचपेनची रेघ, अठरांवर काळी, एकीवर हिरवी. लाडवाच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. चिठ्ठी काढायची, बघायची, परत टाकून डबा हलवायचा. त्याला त्रेसष्ट चिंचोके मोजून दिले, कारण एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस यांची बेरीज त्रेसष्ट होते. एक चिंचोका म्हणजे पाचशे रुपये. टेबल मी.

अर्धा-पाऊण तास तो जिंकत होता, खरं सांगते. एकेक करत त्याच्या ताटलीत एक्क्याऐंशी चिंचोके झाले. ताई हसायला लागली, "बघ, तुझी भिशी बुडवली पोरानं." मग काळा आला. काळा. हिरवा. काळा. काळा. शेवटी बत्तीस लावले तरी काळाच. सहा वेळा. आता चौसष्ट लावायची पाळी आणि ताटलीत उरले अठरा.

मी वहीवर मांडून दाखवलं. सलग सहा वेळा हरायची वेळ साधारण पंचावन्न फेऱ्यांत एकदा येते. चोपन्न वेळा पाचशे सुटले, झाले सत्तावीस हजार. एकदा बुडाले साडेएकतीस हजार. तुझी पद्धत ही एवढी आहे. आणि तिकडं टेबलावर कमाल रकमेची मर्यादा लिहिलेली असते, म्हणजे खिशात पैसे असले तरी दुप्पट करत किती वेळ जाणार?

तो वहीकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तिथंही असंच झालं."

एकदा नाही, दोनदा झालं होतं. पहिल्या खेपेला कारखान्याचं कांडे बिल गेलं. ते परत मिळवायला दुसरी खेप, तेव्हा बायकोच्या पाटल्या तारण ठेवल्या होत्या. पॉलिशला दिल्यात, असं घरात सांगितलं होतं. ताईचा हात तोंडाशी गेला. ती ओरडेल असं वाटलं, पण ती उठून आत गेली.

सूनबाई इतका वेळ चिठ्ठ्या काढून देत होती. तिनं डबा खाली ठेवला आणि विचारलं, "बिल संपलंय हे मला का नाही सांगितलंत, पाटल्या मागायच्या आधी?"

त्याच्याकडं उत्तर नव्हतं.

काही जणी म्हणतील, घरात खेळ शिकवला तर पोरं बिघडायची. पोरांना खेळ आधीच येतो हो! हे तोंड फिरवणं आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. आता एकदा डबा घेऊन समोर बसून बघू या, असं माझं म्हणणं. सगळ्यांना त्याचा उपयोग होईल असंही नाही. ज्याला खरंच व्यसन लागलंय, जो हिशेब समजूनही पुन्हा जातो, त्याला चिंचोके पुरे पडत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार म्हणते, आणि आजाराला डॉक्टर लागतो. सरकारची टेली-मानसची १४४१६ ही हेल्पलाइन आहे, तिथं फोन करायला पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. आमच्या भाच्याला आम्ही दवाखान्यात न्यायचं म्हटलं तेव्हा आधी चिडला. दोन आठवड्यांनी स्वतःच गेला, कुणाला न सांगता. जाऊन आल्यावर बायकोला सांगितलं.

ऊसबिलाच्या खात्यावर आता दोघांची नावं आहेत. पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत, पुढच्या बिलाला सोडवायच्या ठरल्यात. चिठ्ठ्यांचा तो डबा मी परत मागितला, लाडवाला हवा होता. सूनबाई म्हणाली, मावशी, राहू द्या माझ्याकडं, शनिवारी आमच्या बचत गटाची बैठक आहे.