फोटो किती हवेत?

मंडळी, पुतणीचं लग्न ठरलंय. कार्यालय, केटरर, गुरुजी सगळं ठरलं आणि घोडं अडलं ते फोटोग्राफरपाशी. पहिलं कोटेशन आलं १ लाख १० हजारांचं! दोन दिवस, चार माणसं, प्री-वेडिंग, ड्रोन, वर दोन करिश्मा अल्बम. दादा गप्पच झाला. रिटायर माणूस, बोलणार तरी काय?

मग घरात नेहमीचा तोडगा निघाला. "आपल्या मावशीच्या मुलाकडे आहे की चांगला कॅमेरा!" माझा याला सक्त विरोध आहे. तो बिचारा दिवसभर डोळा मिटून लग्न बघणार, शेवटच्या पंगतीला थंड मठ्ठा पिणार आणि एकाही फोटोत दिसणार नाही. त्यातून काही बिघडलंच, तर जन्मभर टोमणे.

माझं म्हणणं, माणूस पैसे देऊनच आणावा, फक्त तास कमी करावेत. हळद, सीमांतपूजन घरच्यांच्या मोबाईलवर छान होतं. पण अंतरपाट दूर होतो तो एक क्षण... तेव्हा अर्धं कार्यालय मोबाईल उंचावून उभं असतं आणि फोटोत येतात ते मोबाईलच! तिथे सराईत हात हवा. मंगलाष्टकांपासून सप्तपदीपर्यंत आणि मग घरच्यांचे ग्रुप फोटो, चार तास पुरे. पंगतीत तोंडात घास असलेले फोटो कोणाला हवेत हो? (आहेत आमच्याकडे. भरपूर.)

ठरवण्याआधी त्याचे निवडक वीस फोटो बघू नयेत, एखादं अख्खं लग्न दाखवायला सांगावं. सगळे मूळ फोटो पेनड्राइव्हवर मिळणार, हे लिहून घ्यावं. अल्बमचं नंतर बघता येतं, लॅबमधून साध्या प्रिंट काढल्या तरी चालतात. आमच्या लग्नात ३६ फोटोंचे दोनच रोल होते. ते फोटो आम्ही अजून बघतो. गेल्या वर्षी झालेल्या भाच्याच्या लग्नाचे चार हजार फोटो मात्र हार्ड डिस्कमध्ये निवांत झोपलेत.

आणि हो, ज्यांचे फोटो हवेतच त्यांची यादी करून एका चुणचुणीत पोराला त्याच्यासोबत फिरवावं. आमच्या यादीत पहिलं नाव ८४ वर्षांच्या आत्याचं. ती स्टेजवर चढणार नाही, कॅमेऱ्यानंच तिच्या खुर्चीपाशी जायचं.

या हिशोबानं एक जण २५ हजारांत तयार झालाय. दादा खूश. फक्त नवरीला ड्रोन हवाय, आणि तिला समजवायचं काम माझ्यावर आलंय. काही युक्ती असेल तर कळवा बरं!